नेट गेलंय ते नेमकं कुठे?

४ ऑक्टोबर २०२१ च्या सोमवारी, रात्री नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले. त्या रात्री आपल्याकडे किती घरांत राऊटरचा प्लग काढून परत लावला गेला असेल, याची गणती नाही. बिघाड होता फेसबुकच्या स्वतःच्या जाळ्यात. जाळ्याची क्षमता तपासायला दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची सगळी डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली. डेटा सेंटरशी बोलणं होत नसेल तर ‘मी इथे आहे’ असं जगाला सांगणं थांबवायचं, असा नियम कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांना घालून दिलेला होता आणि त्यांनी तो इमानाने पाळला. परिणाम असा, की फेसबुक हे नाव कोणत्या पत्त्यावर राहतं हे सांगणारं कुणीच उरलं नाही. हा प्रकार सुमारे सहा तास चालला. तोवर कोट्यवधी फोनमधली ॲप तेच नाव पुन्हा पुन्हा विचारत राहिली. जगभरच्या नाव सांगणाऱ्या यंत्रांवर नेहमीच्या तीसपट विचारणा येत असल्याचं अशी यंत्रं चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने नोंदवलं.

घरी बसून हे ओळखता आलं असतं का? सहज. एखाद्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडून बघायला दहा सेकंद लागतात. ते उघडलं, तर राऊटरला हात लावण्याचं कारणच उरत नाही.

घरच्या नेटच्या दुरुस्तीबद्दल जेवढा सल्ला आपल्याकडे फिरतो, त्यातला बहुतेक ‘काय करा’ एवढंच सांगतो. रिस्टार्ट करा, रिसेट करा, डीएनएसमध्ये चार वेळा आठ टाका. आधी कुठे बघायचं, हे क्वचितच कुणी सांगतं. वास्तविक फोनपासून संकेतस्थळापर्यंतच्या वाटेवर बिघाडाच्या जागा पाच-सहाच आहेत: घरातला वायफाय, भिंतीपर्यंत आलेली तार, कंपनीकडचं लॉगिन, नावावरून पत्ता शोधण्याची सोय, त्यापुढचे रस्ते आणि शेवटी ते संकेतस्थळ. प्रत्येक जागेची लक्षणं वेगळी असतात. ती न बघता सुरू केलेली दुरुस्ती कधी कधी लागूही पडते, पण का लागू पडली हे कळत नाही आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच असतो.

सुरुवात दिव्यांपासून करावी. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि आता तालुक्याच्या पुष्कळ गावांतही घरात येणारी लाइन फायबरची असते. ती ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी म्हणतात. बऱ्याच घरांत वायफायही तोच देतो, त्यामुळे सगळे त्याला राऊटरच म्हणतात. या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर तुमच्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. मग सेटिंगमध्ये शिरून काहीही बदला, उपयोग शून्य. ‘पॉन’चा दिवा नुसता लुकलुकत राहिला, तर प्रकाश येतोय पण कंपनीच्या यंत्राकडे तुमच्या डब्याची नोंदणी पुरी होत नाही. पॉन स्थिर आणि इंटरनेटचा दिवा बंद, तर तार ठीक आहे, अडचण लॉगिनपाशी आहे. सगळे दिवे जागच्या जागी हिरवे असतील, तरच पुढच्या शंका काढायच्या.

तार तुटण्याची आपल्याकडची कारणं कोणत्याही परदेशी माहितीपुस्तिकेत सापडणार नाहीत. रस्त्याचं खोदकाम, पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी, मांडवाचे बांबू, झाडावरून गच्चीवर आणि गच्चीवरून खांबावर गेलेल्या केबलला लागलेले उंदरा-खारींचे दात, कोकणात माकडं. ‘फायबर कट आहे’ असं केबलवाला सांगतो तेव्हा बहुधा तो खरंच बोलत असतो. एकाच धाग्यातला प्रकाश स्प्लिटर नावाच्या, विजेशिवाय चालणाऱ्या छोट्या वस्तूने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेला असतो. म्हणून त्याच कंपनीच्या शेजाऱ्याकडे दिवा कोणता आहे हे विचारणं, ही सर्वांत स्वस्त चाचणी. त्याच्याकडेही लाल असेल तर बिघाड स्प्लिटरच्या मागे. तुमच्याच घरी लाल असेल तर तुमच्याच धाग्यात.

सरळ तुटलेला धागा सापडतो तरी. त्रासदायक असतो तो वाकलेला. कपाटामागे दाबलेला, दाराच्या बिजागरीत अडकलेला, खिळ्याभोवती गुंडाळलेला फायबर चालतो, पण अर्धवट. बहुतेक ओएनटींच्या आतल्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. ती उणे ८ ते उणे २७ च्या दरम्यान हवी. दर तीन अंकांनी प्रकाश निम्मा होतो. उणे २० चांगला, उणे २६ म्हणजे काठावरचा, आणि उणे २८ दाखवणारा डबा दिवसातून अनेकदा जोडला-तुटला तर नवल नाही. तक्रार करताना ‘नेट सारखं जातंय’ यापेक्षा ‘पॉवर उणे २८ दाखवतोय’ हे वाक्य फार वेगाने काम करतं. फायबरचं हिरवं टोक मात्र उगाच काढून बघू नये. त्यावर बसलेली धूळही प्रकाश खाते, आणि आतला प्रकाश डोळ्यांना न दिसणारा असला तरी लेझरचाच असतो.

विजेची गोष्ट थोडक्यात. ओएनटीचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि दोन-तीन उन्हाळे काढल्यावर तो थकतो. दिवे लागतात, पण वायफायवर भार आला की डबा आपोआप परत सुरू होतो. अडॅप्टर बदलून बघण्याआधी पुष्कळ लोक अख्खा राऊटर बदलतात. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत हल्ली राऊटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. घराला इन्व्हर्टर असला तरी तो ठेवावा, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टर बदली होतो त्या क्षणभरातही कमजोर अडॅप्टरचा डबा बंद पडतो.

आता लॉगिन. आपल्याकडचे अनेक पुरवठादार, विशेषतः स्थानिक केबलवाले, पीपीपीओई नावाची पद्धत वापरतात. राऊटर युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीशी एक सत्र उघडतो आणि तिथून पुढे सगळी ये-जा त्या सत्रातून होते. महिन्याचे पैसे भरायचे राहिले, पासवर्ड बदलला, किंवा कंपनीच्या यंत्राने तुमचं जुनं सत्र अजून जिवंत धरलं असेल, तर तार धडधाकट असूनही नेट नाही. ‘बंद करून दोन मिनिटं थांबा आणि मग चालू करा’ या सल्ल्यातल्या दोन मिनिटांचा अर्थ इथे आहे. लगेच चालू केलं तर कंपनीकडे जुनं सत्र अजून उघडंच दिसतं आणि नवं नाकारलं जातं.

रिस्टार्टची एकूणच गंमत अशी, की त्यात एकाच वेळी पुष्कळ गोष्टी घडतात. नवं सत्र उघडतं. बहुधा नवा पत्ता मिळतो. साठवलेली नावं पुसली जातात. कॅमेरे, टीव्ही आणि फोन यांच्या जोडण्यांनी भरलेली यादी रिकामी होते. वायफाय नवा चॅनल निवडतो. यातल्या कोणत्या एका गोष्टीने गुण आला, हे सांगता येत नाही. मी रिस्टार्टच्या विरोधात नाही. दिवे बघून आणि दोन चाचण्या करून झाल्यावर तो जरूर करावा. आधी केला, तर पुरावाच नाहीसा होतो.

रिसेट ही मात्र निराळी आणि धोक्याची चीज. टाचणीने दाबायच्या त्या बारीक छिद्रातलं बटण युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा क्रमांक आणि काही डब्यांत तर कंपनीकडच्या नोंदणीचा संकेतही पुसून टाकतं. हे सगळं परत भरायला कंपनीचा माणूस घरी यावा लागतो, आणि शनिवारी संध्याकाळी तो येत नाही. लॉगिनची माहिती कुठे लिहून ठेवली नसेल, तर त्या छिद्राकडे बघूही नये.

पीपीपीओईचा एक त्रास फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. नेटवरून जाणारी पाकिटं साधारणपणे १५०० बाइटांची असतात. पीपीपीओई त्यातले आठ स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. राऊटरने हा हिशेब नीट ठेवला नाही, तर छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत गळतात. मग विचित्र लक्षण दिसतं: गूगल उघडतं, व्हॉट्सॲपवर मजकूर जातो, पण एखाद्या बँकेचं पान अर्धवट येऊन अडकतं किंवा ऑफिसचं व्हीपीएन जोडून लगेच निकामी होतं. लोक डीएनएस बदलतात, ब्राउझर बदलतात, शेवटी बँकेला शिव्या देतात. राऊटरमधला एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४९२ किंवा त्याहून थोडा कमी करून बघणं हा खरा इलाज. ‘काही साइट चालतात, काही नाहीत, आणि कोणत्या ते ठरलेलं असतं’ ही तक्रार आली, की डीएनएसच्या आधी मी एमटीयूवर संशय घेतो.

घरातल्या वायफायबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की दोनच मुद्दे मांडतो. लॅपटॉप तारेने राऊटरला जोडून बघितल्याशिवाय कंपनीच्या वेगाबद्दल बोलू नये. आरसीसीच्या दोन भिंती, पत्र्याचं कपाट आणि इमारतीतले इतर वीस वायफाय यांच्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घुसमटतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हात टेकणारा. टीव्हीच्या कपाटात दार लावून ठेवलेल्या राऊटरला दोन्ही पट्टे असून नसल्यासारखे. दुसरा मुद्दा तारेचा. स्वस्त राऊटरांची पोर्टं १०० एमबीपीएसची असतात, आणि चांगल्या पोर्टातही केबलमधली एखादी जोडी तुटलेली असली की जोडणी १०० वर उतरते. ३०० चा प्लॅन घेऊन चाचणीत नेमाने ९४-९५ दिसत असेल, तर ही चोरी कंपनीची नाही, तुमच्या केबलची किंवा पोर्टाची.

एवढं तपासून झालं की डीएनएसची पाळी येते. १९८३ पर्यंत इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे अर्पानेटवर, सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे सांभाळली जाई आणि बाकीचे ती तिथून उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत कोलमडायला लागली. १९८३ च्या नोव्हेंबरात पॉल मोकापेट्रिस यांनी आजच्या डीएनएसचा आराखडा मांडला. त्यातली मुख्य कल्पना अशी, की सगळी यादी कुणा एकाकडे नसावी, प्रत्येकाने आपापल्या वाट्याची सांभाळावी.

सातबारा बघायला आपण भूलेख.महाभूमी.गव्ह.इन उघडतो, तेव्हा हे नाव उजवीकडून डावीकडे वाचलं जातं. फोन हा प्रश्न राऊटरकडे देतो, राऊटर तो कंपनीच्या किंवा तुम्ही निवडलेल्या रिझॉल्व्हरकडे पाठवतो. रिझॉल्व्हर मुळापासून विचारत जातो. ‘इन’ कुणाकडे आहे, हे रूट सर्व्हर सांगतात. रूट सर्व्हरांची नावं ए पासून एम पर्यंत तेराच आहेत, पण त्यांच्या प्रती जगभर शेकड्यांनी पसरल्या आहेत. ‘इन’वाले ‘गव्ह.इन’कडे बोट दाखवतात, ते पुढे. शेवटी एक अंकी पत्ता मिळतो. तो रिझॉल्व्हर ठरावीक काळ साठवून ठेवतो, म्हणून तुमच्यानंतर पाच मिनिटांनी तेच नाव विचारणाऱ्याला उत्तर तत्काळ मिळतं. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ने संपणारी नावंही घेता येतात. आतून मात्र ही सगळी यंत्रणा रोमन अक्षरं आणि अंक यांवरच चालते, त्यामुळे देवनागरी नाव आधी एका ठरलेल्या पद्धतीने रोमन खुणांत बदलावं लागतं. अशा संकेतस्थळाचा दुवा एखाद्या जुन्या ॲपमध्ये चिकटवल्यावर तिथे अगम्य अक्षरांची माळ दिसली, तर ती याच बदलाची, बिघाडाची नव्हे.

डीएनएसचाच बिघाड आहे हे ओळखायची रीत सोपी आहे. संगणकावर पिंग ही आज्ञा देऊन आधी राऊटरचा पत्ता तपासा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तिथून उत्तर आलं तर घरातला भाग ठीक. मग १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आलं तर तार, लॉगिन, बाहेरचा रस्ता सगळं शाबूत. मग एखाद्या नावाला पिंग करा. अंकाला उत्तर येतंय आणि नावाला येत नाही, एवढं दिसलं की गाठ डीएनएसपाशी आहे. ब्राउझरमधला संदेश नीट वाचला तर आणखी कळतं. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे कुणीतरी उत्तर दिलंय, आणि ते उत्तर ‘असं नाव नाही’ असं आहे. हा संदेश बघून ‘नेट बंद आहे’ म्हणणं उलटंच. बहुधा नाव टाइप करताना अक्षर चुकलेलं असतं. रिझॉल्व्हरकडून उत्तरच येत नसेल, तर तो स्वतः आजारी आहे किंवा त्याच्यापर्यंतचा रस्ता. नाव सापडलं पण जोडणीची वेळ संपली, तर डीएनएसने आपलं काम केलं आहे, त्याला आता सोडून द्यावं.

एनएसलुकअप या आज्ञेने तेच नाव वेगवेगळ्या रिझॉल्व्हरांना विचारता येतं: एकदा नुसतं नाव, एकदा नावापुढे जागा सोडून ८.८.८.८. कंपनीचा रिझॉल्व्हर गप्प आणि गूगलचा बोलतोय, तर बदल करण्यात अर्थ आहे. दोघेही एकच चुकीचं उत्तर देत असतील, तर बिघाड त्या संकेतस्थळाच्या मालकाकडे आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना इथला एखादा उतारा काढताना येणारी अडचणही संकेतस्थळाच्या बाजूचीच असते. काही भारतीय सरकारी संकेतस्थळं देशाबाहेरच्या पत्त्यांना दारातूनच परत पाठवतात. नाव सापडतं, पत्ता मिळतो, पण पान येत नाही. न्यू जर्सीत बसून डीएनएस कितीही बदललं तरी हे सुटत नाही.

रिझॉल्व्हर स्वतः निवडण्याची चाल फार जुनी नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अपवाले कंपनीने दिलेल्या पत्त्यांवर समाधानी असत. २००६ मध्ये ओपनडीएनएस आलं, डिसेंबर २००९ मध्ये गूगलने ८.८.८.८ खुलं केलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये क्वाड नाइन म्हणजे ९.९.९.९, आणि १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१. ही तारीख मुद्दाम निवडलेली. अमेरिकी पद्धतीने ती चौथ्या महिन्याची पहिली, म्हणून चार एकं. या पत्त्याचा इतिहास मजेदार आहे. तो कुणाचाच नाही असं धरून अनेक उपकरणं बनवणाऱ्यांनी तो आपल्या आतल्या कामासाठी वापरला होता. त्यामुळे काही जुने डबे किंवा हॉटेलांची वायफाय १.१.१.१ ला बाहेर जाऊच देत नाहीत. तुमच्याकडे ८.८.८.८ चालतं आणि १.१.१.१ चालत नाही असं दिसलं, तर हे एक कारण असू शकतं. अशा वेळी १.०.०.१ वापरून बघावं.

डीएनएस बदललं की नेट ‘सुसाट’ होतं, हा सर्वांत लोकप्रिय गैरसमज. नावाचा पत्ता काही मिलिसेकंदांत मिळतो आणि मग साठवला जातो. व्हिडिओचा एकही बाइट रिझॉल्व्हरमधून जात नाही. मंद रिझॉल्व्हरमुळे पान उघडायला क्षणभर जास्त लागेल, पण बफरिंगचं चक्र त्याच्यामुळे फिरत नाही. कधी कधी तर उलटंच घडतं. मोठ्या सेवांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात आणि त्यातल्या काही सेवा, रिझॉल्व्हर कुठे आहे त्यावरून तुम्हाला जवळची प्रत देतात. कंपनीचा रिझॉल्व्हर पुण्यात असला तर मुंबईची प्रत, आणि तुम्ही निवडलेला दूरचा असला तर सिंगापूरची. गूगलचा रिझॉल्व्हर तुमच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवून हे टाळतो. क्लाउडफ्लेअर गोपनीयतेसाठी तो कळवत नाही. वेगापोटी बदल करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

मग बदलायचं कशासाठी? कंपनीचा रिझॉल्व्हर वारंवार पडत असेल तर जरूर बदलावं. लहान पुरवठादारांकडे संध्याकाळच्या गर्दीत हे होतं. मुलांसाठी गाळणी हवी असेल तर १.१.१.३ आहे, जे प्रौढ मजकुराची आणि घातक संकेतस्थळांची नावं देत नाही. पण या निवडीचा गाभा विश्वासाचा आहे. तुम्ही कोणतं संकेतस्थळ केव्हा उघडता, हे रिझॉल्व्हरला दिसतं, आणि उत्तर काय द्यायचं हेही त्याच्या हातात असतं. भारतात शासनाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने एखादं संकेतस्थळ बंद करायचं असतं, तेव्हा अनेक पुरवठादार ते काम डीएनएसच्या उत्तरातच करतात. गूगलकडे गेलात तर तुमच्या शोधांची यादी आधीच असलेल्या कंपनीला आणखी एक यादी मिळते. माझं मत विचाराल, तर चालणारा कंपनीचा रिझॉल्व्हर केवळ फॅशन म्हणून बदलू नये. बदलायचाच असेल तर आधीचे अंक कागदावर लिहून ठेवून बदलावा.

हा विश्वास मोडला तर काय होतं, याचा दाखला मोठा आहे. डीएनएस-चेंजर नावाच्या घातक प्रोग्रामने संगणकांची, काही ठिकाणी राऊटरांचीही, डीएनएस सेटिंग बदलून आपल्या सर्व्हरांकडे वळवली होती. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी पकडल्याचं जाहीर केलं. सुमारे १०० देशांतले ४० लाख संगणक बाधित होते. पेच असा, की टोळीचे सर्व्हर तसेच बंद केले असते तर त्या सगळ्यांचं नेट ‘गेलं’ असतं. म्हणून त्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवले गेले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. त्यानंतरही सेटिंग न सुधारलेल्यांचं नेट खरोखरच गेलं, आणि तार, राऊटर, कंपनी यांपैकी कशातही दोष नव्हता. राऊटरचा पासवर्ड अजूनही ‘ॲडमिन’ असेल, तर या गोष्टीचा पुढचा भाग तुमच्या घरीही घडू शकतो. ओळखीच्या संकेतस्थळांवर अनोळखी जाहिराती, बँकेच्या पानावर प्रमाणपत्राचा इशारा, आणि हे सगळं घरातल्या प्रत्येक उपकरणावर दिसत असेल, तर राऊटरच्या पानावर जाऊन डीएनएसचे अंक कुणाचे आहेत ते बघावं.

‘डीएनएस बदललं, काहीच फरक पडला नाही’ ही तक्रार वरचेवर ऐकू येते, आणि तिच्यात तथ्य असतं. भारतात आयपीव्ही६ चा, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, प्रसार जगातल्या आघाडीच्या देशांइतका आहे. राऊटरमध्ये जुन्या पद्धतीचे चार अंक बदलले, तरी फोन आयपीव्ही६ च्या रस्त्याने कंपनीचाच रिझॉल्व्हर विचारत राहतो. ब्राउझर आणखी एक पायरी पुढे गेलेत. २०१८ मध्ये डीएनएसचे प्रश्न कूटबद्ध करून साध्या वेबच्या वाटेनेच पाठवण्याची पद्धत ठरली, आणि आता क्रोम-फायरफॉक्स अनेकदा राऊटरला न विचारता परस्पर ठरवतात. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून फोनमध्ये ‘खाजगी डीएनएस’ नावाची सेटिंग आहे. तिथे जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव हौसेने भरलेलं असतं; ती सेवा बंद पडली किंवा तिने नाव बदललं, की वायफायवर आणि मोबाइल डेटावर दोन्हीकडे फोन मुका होतो. घरातल्या बाकी सगळ्यांचं चालतंय, एकाच फोनचं नाही, असं असेल तर पहिली नजर इथे टाकावी. हॉटेल-स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान न येण्यामागेही पुष्कळदा हीच सेटिंग असते.

दुय्यम डीएनएसबद्दलची समजूतही तपासून घ्यायला हवी. पहिला रिझॉल्व्हर पडला तरच दुसरा वापरला जातो, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात काही उपकरणं दोघांनाही वाटेल तसं विचारतात. म्हणून पहिल्या जागी १.१.१.३ ची गाळणी आणि दुसऱ्या जागी ८.८.८.८ असं भरलं, तर गाळणी कधी चालते, कधी नाही, आणि घरात वाद होतात. दोन्ही जागी एकाच स्वभावाचे पत्ते भरावेत. सेवा मात्र एकच असावी असं नाही, कारण मोठ्याही पडतात. १४ जुलै २०२५ ला, म्हणजे आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटे, १.१.१.१ तब्बल ६२ मिनिटं जगभर बंद होतं. हल्ला झाला नव्हता, कंपनीच्याच मांडणीतली चूक होती. गंमत म्हणजे तीच सेवा कूटबद्ध पद्धतीने, नावाने वापरणारे बहुतांश सुखरूप राहिले, कारण त्या नावामागचे पत्ते वेगळे होते.

एवढं करून बिघाड कंपनीकडेच आहे असं ठरलं, तर तक्रार अशी नोंदवावी की ती पहिल्याच फोनला पुढे सरकेल. दिवा कोणता, प्रकाशाची ताकद किती, राऊटरला पिंग लागतोय का, १.१.१.१ ला लागतोय का, तारेने जोडून बघितलं का, शेजाऱ्याकडे काय स्थिती: ही सहा उत्तरं हाताशी असली, की कॉल सेंटरवरची मुलगी ‘सर, एकदा राऊटर रिस्टार्ट करा’ असं म्हणते तेव्हा ‘केला, आणि त्याआधी हे बघितलं’ असं सांगता येतं. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा, वेळ लिहून ठेवावी, आणि लाइनमन येईपर्यंत फोनचा हॉटस्पॉट लावून मुलांना ऑनलाइन शिकवणीला बसवावं.